पिसवा, गोचीड, लूत आणि कुत्र्याच्या अंगावरचे केस : तुमचे अनुभव लिहा

परसदार
काल माळा आवरताना आजीची लाकडी फणी सापडली. दोन्हीकडे दात, बारीक बाजूचे चार पडलेले. बायको म्हणाली टाका ती घाण. मला टाकवेना. ती फणी आमच्या उवांसाठी कमी आणि खंड्यासाठी जास्त वापरलेली.

खंड्या आमचा देवरुखचा गावठी कुत्रा. काळाभोर. उन्हात उभा राहिला की पाठ तेल चोपडल्यासारखी चमकायची. एका श्रावणात ती चमक गेली. आम्हा पोरांना काही कळलं नाही, आजीने ओटीवरूनच विचारलं, "ह्याची पाठ राख फासल्यागत का दिसत्ये रे?" जवळ जाऊन बघितलं तर शेपटीच्या वर, कमरेवर, केस दातांनी कुरतडून खुंट झालेले, मधून गुलाबी कातडी. आजीने त्याला पडवीत दाबून धरला आणि फणी फिरवली. फणीत काळी पूड. बाबा म्हणाले माती आहे, कुठेतरी लोळला असेल. आजीने ती पूड ओल्या फडक्यावर झटकली. बघता बघता फडक्यावर तांबूस ठिपके पसरले. "माती नाय ती. रगत आहे."

पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्तच असतं, हे व्हेटच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझी मुलगी कॉलेजात होती.

आजीचा उपाय : वाडग्यात साबणाचं पाणी, फणी फिरवायची आणि त्यात बुडवायची. बाबांचा उपाय : गॅमेक्झिन, किडे मारायची विषारी पावडर. ज्यांनी ती पावडर बघितल्ये त्यांना आत्ता वास आला असेल. अख्खा कुत्रा पांढरा केला. त्याने अंग चाटलं, दोन दिवस लाळ गाळत विहिरीमागे पडून होता. वाचला नशिबाने. पुढे त्या पावडरीवर बंदी आली. केस दिवाळीपर्यंत भरले.

तुमच्याकडे काय झालं लिहा. चुकलेले उपाय आवर्जून लिहा.

चिंचगूळ
गॅमेक्झिन!! आमच्याकडे गादीखाली पसरायचे आणि वर आम्ही झोपायचो. जिवंत आहोत अजून.

दमलेली_दमयंती
चौथा मजला, लॅब्रेडॉर, रोज केर-फरशी. तरी पिसवा. मला वाटलं अंघोळ कमी पडते म्हणून दर चार दिवसांनी शाम्पू. त्याने कोट, म्हणजे अंगावरचे केस, आणखीच गेला, कोंडा पडायला लागला आणि खाजवणं होतंच. डॉक्टर म्हणाले, तुम्ही कुत्रा धुताय, पिसवा सोफ्यात आहेत. अंगावर दिसतात त्या शंभरातल्या पाचच. मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते, ती गुळगुळीत असतात, केसांवरून घरंगळून फटीत, पायपुसण्यात, दिवाणाखाली.
मी मनात म्हटलं, हो का.
मग मे महिन्यात तीन आठवडे गावी गेलो, कुत्रा बहिणीकडे. परत येऊन दार उघडलं, बॅग ठेवली, आणि पाच मिनिटांत माझ्या पांढऱ्या सॉक्सवर मोहरी तडतडावी तशा उड्या. रिकाम्या घरात कोषात बसून वाट बघत असतात म्हणे, पावलांचा हादरा आणि आपला श्वास लागला की बाहेर. शेवटी सगळ्या चादरी गरम पाण्यात, रोज व्हॅक्यूम, त्याची पिशवी लगेच बाहेर, आणि कुत्र्याला तीन महिने न चुकता औषध. मग कुठे थांबलं. कोट मात्र दीड महिन्यातच सुधारला होता.

पळीभर
ताई, मोहरीचं उदाहरण नको होतं. आत्ता कढई गॅसवर आहे माझी.

दमलेली_दमयंती
सॉरी सॉरी 😂 काय करताय?

पळीभर
दोडका.

मोर्णाकाठ
आमच्या अकोल्यात पिसवांपेक्षा गोचिडीचाच ताप जास्त. जर्मन शेफर्ड होता आमचा, दाट केस. वरून काही दिसेच ना. हात फिरवला की वाटाण्याएवढी गाठ लागे. आमचे बाबुजी एक एक उपटून रॉकेलच्या डब्यात टाकत, पेपर वाचता वाचता. एक उन्हाळा आला, कुत्र्याचे केस एकदम वाळल्या गवतासारखे झाले, जेवण सोडलं. आम्ही म्हणू ऊन लागलं. एक दिवस सकाळी नाकातून रक्त. गोचीड ताप निघाला, प्लेटलेट पार खाली. २८ दिवस गोळ्या. वाचला, पण पहिल्यासारखा कोट काही आला नाही बा.
आणि त्या फक्त कुत्र्यावर नसतात हे ध्यानात ठेवा. रक्त पिऊन टम्म झाली की उतरते आणि भिंत चढते. आम्ही कॅलेंडर काढलं तर मागे सगळी फौज. एक मादी हजारांनी अंडी देते. चौकटीच्या फटी सिमेंटने भरल्या तेव्हा कमी झालं.

रातवा
चिरडू नका मात्र त्या. आणि काढण्याआधी त्यांच्यावर रॉकेल, तूप, काडी असलं काही लावायचं नाही. चिमट्याने अगदी कातडीजवळ धरायचं आणि सरळ ओढायचं. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघायला विसरतात लोक.

तिलारीकर
आमच्या दोडामार्गात गोचीड म्हटली की कुत्रो मागे, काजूच्या बागेत जाणारी माणसां आधी आठवतत. २०१६ च्या माकडतापापासून, तो गोचिडीतून माणसाला होतो. ती गोचीड रानातली, वेगळी. पण तेव्हापासून आमची आई बागेतून आली की स्वतःला आणि कुत्र्याला दोघांनाही अंगणातच उभं करून तपासते. आधी कुत्रा.

अंगतपंगत
लूत कोणीच लिहिली नाही अजून?
पार्किंगमध्ये पिल्लू सापडलेलं. दोन्ही डोळ्यांभोवती केस गेलेले, गोल, म्हणून नाव चष्मिष. पुढच्या पंजांवरही चट्टे. सोसायटीत मीटिंग झाली हो त्याच्यावर!! लूत आहे, मुलांना लागेल, टेम्पो बोलवा. वरच्या काकांनी गंधक आणि खोबरेल दिलं, ते लावून पिल्लू फक्त पिवळं आणि चिकट झालं.
डॉक्टरने ब्लेडने कातडी खरवडली, थोडं रक्त येईपर्यंत, आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावलं. सिगारसारखे लांबट किडे, आखूड पाय. म्हणाला हे आईकडून दूध पिताना येतात, बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर थोडे असतातच. पिल्लाची ताकद कमी पडली की माजतात. माणसाला लागत नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही सहसा नाही. मी तो रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावला. अडीच महिने गोळ्या. आधी चट्ट्यांवर मखमलीसारखी बारीक लव आली, मग केस. आता त्याच काकांच्या दारात झोपतो.

रातवा
@अंगतपंगत हो, पण दुसरी लूत असते ती लागते. खरुजेची. कानाच्या कडा, कोपरं, पोट. खाज इतकी की कुत्रा झोपत नाही. आमच्याकडे आली तेव्हा माझ्या कमरेवर पुरळ, मी डाएटच्या गोळ्यांना दोष देत बसले. डॉक्टरने कुत्र्याच्या कानाची कड नुसती दोन बोटांत चोळली तर मागचा पाय हवेत खाजवायला लागला. म्हणाले बहुतेक तीच. कुत्र्याला औषध सुरू झाल्यावर माझं आपोआप गेलं. त्यामुळे घरी 'लूतच आहे' म्हणून तेल फासण्याआधी कुठली ते बघा.

चिंचगूळ
चष्मिष नाव आवडलं. आमच्याकडे सरपंच होता.

पळीभर
सरपंचाला पिसवा होत्या का?

चिंचगूळ
सरपंचाला सगळं होतं.

सायलीचा_मांडव
मी मूर्खपणा केलाय तो लिहिते. पांढरा स्पिट्झ, केस कमरेवर गुंता होऊन गेलेले, खाली पिसवा. ग्रूमरकडे नेला, त्याने सांगितलं पूर्ण भादरा, पिसवा जातील, केस दाट येतील. भादरला. पिसवा तशाच, आता नुसत्या दिसायला लागल्या. उन्हाने पाठ भाजली. आणि केस आले ते ठिगळ ठिगळ, आतली लोकर आधी, वरचे लांब केस वर्षभर नाहीत. दुहेरी कोटवाल्यांना भादरू नये हे नंतर कळलं. तो लाजायचा हो, पाहुणे आले की कपाटामागे.

परसदार
अरेरे. खंड्यासुद्धा पावडरीनंतर लोकांसमोर यायचा नाही.

कवडसा
कृपया मांजर असेल त्यांनी वाचा. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब घेतले, उरलेले मांजरीला टाकले. थोडेसेच. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक होतं, मांजरांना विष. तासाभरात थरथर, मग झटके. रात्री दोनला दवाखाना. नाही वाचली. पाकिटावर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात.

अंगतपंगत
😔

दमलेली_दमयंती
वाईट वाटलं खूप. कुत्र्याला लावल्यावर मांजर त्याला बिलगून झोपली तरी धोका असतो ना? आमच्या बहिणीकडे दोन्ही आहेत, आत्ताच फोन करते.

कवडसा
हो. ओलं असेपर्यंत तर वेगळंच ठेवायला सांगा. आणि कुत्र्याच्या खोपटात डांबरगोळ्या ठेवतात तेही नको, खाल्ली तर विष.

मोर्णाकाठ
एक विचारायचं होतं. आताच्या कुत्रीच्या शेपटीखाली केसात वाळलेल्या शितासारखं काही चिकटतं. पिसवाच का हे?

रातवा
पट्टकृमीचे, म्हणजे पोटातल्या जंताचे, तुकडे. पिसवांमुळेच. चावता चावता कुत्रा पिसू गिळतो, तिच्यातून कृमी पोटात जातो. जंताचं औषध द्या, वजन सांगून. पण पिसवा गेल्या नाहीत तर परत होणार.

मोर्णाकाठ
आमची बायको म्हणे पुलावाचा भात चिकटला. धुऊन टाकला मी.

परसदार
खालच्या वॉचमनची कुत्री लिफ्टपाशी पाठ घासत होती आज. मुलगी आजीची फणी घेऊन गेली खाली. ओला टिश्यू घेऊन वर आली, तांबूस ठिपके. उद्या नेतोय तिला. फणी आता साबणाच्या पाण्यात आहे, बायकोने स्वतः ठेवल्ये.

दमलेली_दमयंती
बहिणीला फोन झाला. पळीभर, दोडक्याचं काय झालं?

पळीभर
लागला खाली. तुमच्या सगळ्यांची कृपा.