पोर्तुगीज शिकायला मुलगी एकटी पोर्तुगालमधल्या कोइंब्राला, पाठवायची की नाही?

फोंड्याची मावशी:
भाचीने पणजीत पोर्तुगीजचा कोर्स केला, आता वर्षभर कोइंब्रा युनिव्हर्सिटीत शिकायला जायचं म्हणते आणि घरात दोन तट पडलेत. माझं मत, जाऊ द्या. युनिव्हर्सिटी १२९० सालची, गावच स्टुडंटांचं. भीती धरायचीच तर रस्त्यापेक्षा रूमची धरा. फोटो बघून डिपॉझिट पाठवलं आणि पोचल्यावर तिथे रूमच नाही, असं झालं की पोर रात्री बॅगा घेऊन अनोळखी माणसाच्या भरवशावर. खरा धोका तो.

म्हापशेकर बाबा:
नाही पटलं, मावशी. रूम मिळाली म्हणजे झालं का? बाहेरून आलेल्यांना विरोध करणारा शेगा पक्ष तिथे २०२५ च्या निवडणुकीत जागांमध्ये दोन नंबरला गेलाय, म्हणजे हवा कुठली ते बघा. डिसेंबरात साडेपाचलाच काळोख. रस्त्यात कोणी काही बोललं तर कोर्सातलं पोर्तुगीज तोंडातून फुटणार का? दोघी-तिघी मिळून जात असतील तर मी पण हो म्हणेन.

लिस्बनहून परतलेली:
काका, टोमणे मीही ऐकलेत, ते खोटं नाही. पण सोबतीण मिळेपर्यंत थांबायचं तर कित्येक मुली जन्मभर थांबतील हो. त्यापेक्षा तयारी करून पाठवा. लिस्बनला दिवसा उतरणारं फ्लाइट घ्या. कोइंब्रा-बी स्टेशन गावाबाहेरच्या बाजूला आहे, रात्रीची गाडी नकोच. पहिले काही दिवस हॉस्टेल, मग रूम डोळ्यांनी बघून, रीतसर करार करूनच पैसे, आणि घरमालक करार टॅक्स ऑफिसात नोंदवायला टाळाटाळ करत असेल तर सरळ दुसरी रूम बघायची. इमर्जन्सीला ११२, आणि त्रास झालेल्यांना मदत करणाऱ्या आपाव संस्थेची फुकट हेल्पलाइन ११६ ००६. परदेशातल्या भारतीयांसाठीच्या आपल्या सरकारच्या मदद पोर्टलवर नाव घालून ठेवा.

म्हापशेकर बाबा:
माहिती चांगली दिलीस गो, लिहून घेतली. तरी पहिले पंधरा दिवस आईने सोबत जावं, यावरून मी हटणार नाही.

फोंड्याची मावशी:
आईचा व्हिसा, तिकीट, राहणं, एवढा पैसा कुठल्या घरात पडून असतो? तो खर्च करायचाच तर पोरीला जरा महाग पण गावात मधोमध रूम घेऊन द्या, रोज चालत कॉलेजला जाईल. आणि भाऊ, मुलगा जात असता तर आई सोबत पाठवली असतीत का, तेवढं सांगा.