फुप्फुस प्रत्यारोपणानंतर क्रॉनिक रिजेक्शन: फोटोफेरेसिसचा अनुभव कुणाला आहे का?

नमस्कार मंडळी,

दादासाठी लिहितेय. माझा मोठा भाऊ, वय ४९, नाशिकला असतो. आयएलडीमुळे (फुप्फुसं आतून कडक होत जाण्याचा आजार) चार वर्षांपूर्वी चेन्नईत त्याच्या दोन्ही फुप्फुसांचं प्रत्यारोपण झालं. नंतरची तीन वर्षं फार चांगली गेली. जिना चढायचा, गोदाकाठी फिरायला जायचा.

गेल्या पावसाळ्यापासून आकडे घसरताहेत. रोज सकाळी दादा घरच्या स्पायरोमीटरमध्ये तीनदा फुंकतो आणि वहिनी त्यातला मोठा आकडा भाचीच्या चौकटीच्या वहीत लिहिते. एफईव्ही१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर पडणारी हवा, त्याची २.६० लिटर होती. आता १.९५ आहे. २० टक्क्यांहून जास्त घट टिकून राहिली आणि दुसरं कारण सापडलं नाही, की क्रॉनिक रिजेक्शन, म्हणजे शरीर नवी फुप्फुसं हळूहळू नाकारतंय, असं धरतात. ब्रॉन्कोस्कोपीत (श्वासनळीत दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) जंतू सापडले नाहीत, दात्याविरुद्धच्या अँटीबॉडीज नाहीत. सीटी स्कॅनमध्ये मात्र श्वास सोडल्यावरही हवा आत अडकलेली दिसली. निदान ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स. बारीक श्वासनळ्या आतून आकसत बंद होतात. बंद झालेल्या पुन्हा उघडत नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. आता धडपड आहे ती उरलेलं टिकवायची.

शरीराने फुप्फुसं नाकारू नयेत म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन सुरू आहेच. तीन दिवस स्टिरॉइडचे मोठे डोस शिरेतून दिले. ॲझिथ्रोमायसिन २५० मिलिग्रॅम, सोम-बुध-शुक्र, तीन महिने झाले. काहींचा आकडा त्याने वर येतो, दादाचा नाही आला. घसरण मंदावली, पण थांबली नाही.

मधे एक चूक झाली, ती इथल्या इतरांसाठी मुद्दाम सांगते. खोकला वाढला म्हणून जवळच्या एका दवाखान्यात गेलो, त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं. नाव ॲझिथ्रोसारखंच, म्हणून आम्हालाही शंका आली नाही. चौथ्या दिवशी दादाचे हात इतके थरथरायला लागले की कपातला चहा बशीत सांडत होता. रक्तातली टॅक्रोलिमसची पातळी दुपटीच्या वर गेली होती. क्लॅरिथ्रो बंद केल्यावर ती उतरली, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडावरचा ताण दाखवणारा आकडा) वाढलं ते अजून पूर्ण खाली आलेलं नाही. कुठलंही नवं औषध, अगदी बुरशीच्या संसर्गावरची गोळीसुद्धा, प्रत्यारोपणाच्या टीमला विचारल्याशिवाय घेऊ नका. पपनसही नको, त्यानेही पातळी वाढते.

आता डॉक्टर फोटोफेरेसिस सुचवताहेत. रक्त काढून पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांत सोरालेन हे प्रकाशाने काम करणारं औषध घालून त्यांवर अतिनील प्रकाश सोडतात आणि त्या परत शरीरात सोडतात. जंतुसंसर्गाचा धोका यात फारसा वाढत नाही, म्हणून मला आशा वाटते. पण दर पंधरवड्याला सलग दोन दिवस, तेही दुसऱ्या शहरात. कुणाच्या घरी केलंय का? आकडा थांबला का? प्रवास झेपला का? पुन्हा प्रत्यारोपणाचा विषयही निघालाय, पण त्यावर बोलायचं धाडस घरात अजून कुणाला होत नाही.

प्रतिसाद

ताई, माझ्या आईचं फोटोफेरेसिस झालंय, तिचंही निदान हेच. सुरू केलं तेव्हा एफईव्ही१ १.४२ होतं, सहा महिन्यांनी १.४०. वाढलं नाही, पण त्याआधी दर महिन्याला पडत होतं, त्यामुळे आम्ही यालाच यश मानतो. एका बैठकीला तीन-चार तास लागतात. आदल्या रात्री आणि त्या सकाळी तूप-तेलाचं काही देऊ नका. रक्तात चरबी असली की मशीनला पेशी नीट वेगळ्या करता येत नाहीत. आमची पहिली बैठक साबुदाणा वड्यापायी वाया गेली. पाणी भरपूर प्यायला द्या. नंतर २४ तास ऊन टाळायचं आणि गॉगल लावायचा, रिक्षातसुद्धा. आणि दादांना आम्लपित्त आहे का ते तपासा. पोटातलं आम्ल झोपेत श्वासनळीत उतरलं तर नव्या फुप्फुसांना ते फार घातक. आम्ही पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात, जेवण सातच्या आत.

धागाकर्ती

खूप आभार. आम्लपित्ताची तपासणी गुरुवारी आहे. वहिनी म्हणतेय, दादा रात्री दहाला जेवतो, ते आजपासून बंद. आणखी एक विचारते: आईंना हाताच्या शिरेतूनच जमलं, की पोर्ट (मोठ्या शिरेला जोडून त्वचेखाली बसवतात ती डबी) बसवावं लागलं? दादाच्या दोन्ही हातांच्या शिरा सुया टोचून टोचून कडक झाल्यात, साधं रक्त काढतानाही दोन-तीनदा टोचावं लागतं.