मदत हवी आहे: छोटं माकड आणि पतंग, तुलनेचा तक्ता उद्याच द्यायचाय

सानूचीआई: लेकीचा शाळेचा प्रकल्प आहे. माकड आणि पतंग, दोघांचं वर्गीकरण आणि संवर्धन स्थिती शेजारी शेजारी मांडायची. माकडाचं झालं. पतंगाच्या ‘स्थिती’समोर काय लिहू? कुठेच सापडत नाहीये. प्लीज लवकर सांगा.

रानवाटा: कोणतं माकड, कोणता पतंग?

भाऊकाका: लाजवंती घ्या. आपल्या देशातली, माहिती भरपूर मिळेल.

रानवाटा: काका, लाजवंती नरवानर गणातली खरी, पण माकड नव्हे. ती लोरिस कुळातली.

सानूचीआई: अहो, बाईंनीच ठरवून दिलंय, बदलता येत नाही. कॉटन-टॉप टॅमरिन आणि अ‍ॅटलास पतंग.

देवरुखकर: अ‍ॅटलास आमच्याकडे पावसाळ्यात अंगणातल्या दिव्यावर येतो. पंखांची टोकं हुबेहूब सापाच्या डोक्यासारखी. ‘सुरक्षित’ लिहून मोकळ्या व्हा.

रानवाटा: असं अजिबात लिहू नका! आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीसाठी (कोणती जाती किती धोक्यात आहे ते सांगणारी यादी) अ‍ॅटलासचा अभ्यासच झालेला नाही. ‘मूल्यांकन झालेले नाही’ असंच लिहायचं. तपासलं नाही म्हणजे धोका नाही, असं होत नाही. कीटकांच्या बहुतेक जातींची हीच गत आहे.

देवरुखकर: मग इतकी वर्षं आम्ही बघतोय त्याला काहीच किंमत नाही?

रानवाटा: आहे ना, नोंदी जरूर ठेवा. पण एका अंगणावरून अख्ख्या जातीची स्थिती ठरत नाही.

टसरवाला: त्यापेक्षा टसरचा पतंग घ्या. अ‍ॅटलासच्याच कुळातला. आमच्या गडचिरोलीत ऐनाच्या झाडावर अळ्या पोसतात. मुलीला कोष हातात घेऊन बघता येईल.

सानूचीआई: दादा, पतंग बदलता येत नाही हो. वर्गीकरण कुणी तपासून देईल का? सानूने दोघांना एकाच संघात टाकलंय.

रानवाटा: सृष्टी तेवढी एक, प्राणी. संघापासूनच वाटा वेगळ्या. टॅमरिन: रज्जुमान संघ, सस्तन वर्ग, नरवानर गण, कॅलिट्रिकिडी कुल, सॅग्विनस इडिपस. अ‍ॅटलास: संधिपाद संघ, कीटक वर्ग, लेपिडोप्टेरा गण, सॅटर्निडी कुल, अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास. दोघांचंही पहिलं शास्त्रीय वर्णन स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसचं, 1758 मधलं. टॅमरिनची स्थिती ‘अतिसंकटग्रस्त’ लिहिलीत ना? फक्त वायव्य कोलंबियात उरलंय, तिथलं जंगल तुटत चाललंय. 1970च्या आसपास अमेरिकेतल्या प्रयोगशाळांसाठी हजारोंनी पकडून नेलं, तेही सानूला लिहू दे. अर्धा किलोसुद्धा न भरणारा जीव तो.

मितवा22: टॅमरिन पाळायचा विचार असेल तर सोडून द्या. साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 1 मध्ये आहे, देशादेशांतल्या व्यावसायिक व्यापाराला बंदी.

सानूचीआई: पाळायचं नाहीये हो! रानवाटा, खूप आभार. ‘मूल्यांकन झालेले नाही’ला बाईंनी गुण कापले तर?

रानवाटा: कापणार नाहीत. शेजारी एक ओळ लिहा: लाल यादीत ही जाती अजून तपासलेली नाही.