मदत हवी आहे: थ्रीडी प्रिंटरची स्क्रीन पेटीबाहेर आणायची आहे (केबल, ब्रॅकेट आणि कोन)

गरमनोझल
टेबलावरचा प्रिंटर एबीएस प्लास्टिकसाठी बंद पेटीत ठेवला आहे. स्क्रीन मूळ जागी, म्हणजे खालच्या उजव्या रेल्वर, पेटीच्या आतच राहते. बेडचं (ज्यावर भाग छापला जातो त्या तापणाऱ्या पाटाचं) तापमान पाच अंशांनी बदलायचं म्हटलं तरी दार उघडावं लागतं, आणि आतली ऊब गेली की मोठ्या भागांचे कोपरे उचलले जातात. म्हणून स्क्रीन पेटीच्या पुढच्या उजव्या खांबावर बाहेरून लावायची आहे. पेटीचा सांगाडा २०२० प्रोफाइलचा (२० × २० मिमीचे, खाचा असलेले खांब), त्यावर पॉलीकार्बोनेटचे पत्रे.

स्क्रीन १२८ × ६४ ठिपक्यांची, फिरवायच्या-दाबायच्या नॉबची, आत ती चालवणारी एसटी७९२० चिप. बोर्ड ३२ बिटी, फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्रॅम) मार्लिन. दहा तारांची एकच पट्टी केबल आहे. मेमरी कार्डाची खाच बोर्डावर आहे, स्क्रीनवर नाही. मूळ केबल ३० सेमी, नव्या जागेला ८० सेमी लागते.

अडचणी अशा:
१) ८० सेमी केबल लावली की स्क्रीन नीट सुरू होते, पण मोटर फिरायला लागल्या की अक्षरांची खिचडी होते. प्रिंट मात्र बिघडत नाही.
२) पीएलए प्लास्टिकमध्ये छापलेला एल आकाराचा ब्रॅकेट नॉब दाबला की मागे झुकतो. हात १२० मिमी लांब, ४ मिमी जाड, एका टी-नटवर (प्रोफाइलच्या खाचेत अडकणाऱ्या नटवर) बसवलेला.
३) स्क्रीन किती कलती ठेवावी? सरळ उभी धरली की वरून पाहताना अक्षरं फिकी दिसतात.

तारजोड
आधी केबलचं बघा, कारण स्क्रीन कुठे जाऊ शकते हे केबल ठरवते. ब्रॅकेट कुठेही बसवता येतो.

व्होल्टेज पडतंय का, हा पहिला संशय असतो, तो काढून टाका. पट्टी केबलची तार २८ गेजची, मीटरला साधारण ०.२१ ओहम. जाऊन-येऊन १.६ मीटर, म्हणजे ०.३४ ओहम. बॅकलाइटसह १५० मिलीअँपिअर धरले तरी ०.०५ व्होल्टच पडतो. त्याने काही बिघडत नाही.

खरं कारण सिग्नलच्या पातळीत आहे. एसटी७९२० पाच व्होल्टवर चालते आणि 'हाय' मानायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट मागते. तुमचा बोर्ड ३.३ देतो. आखूड केबलवर हे कसंबसं निभतं, पण कागदावर ते आधीपासूनच मर्यादेबाहेर आहे. लांब केबल मोटरच्या तारांशेजारून गेली की क्लॉकच्या (बिटांचा ठेका देणाऱ्या) तारेवर एखादा खोटा ठोका उमटतो, पुढचे सगळे बिट एक घर सरकतात आणि खिचडी होते. चूक पकडायची सोय या जोडणीत नाही. कार्ड बोर्डावरच असल्यामुळे प्रिंट शाबूत राहतो. ज्यांच्या स्क्रीनवर कार्डाची खाच आहे त्यांनी मात्र ८० सेमीचा नाद सोडावा. तिथे प्रिंट अर्ध्यात थांबतो.

फुकटचे उपाय आधी. केबल मोटर आणि हीटरच्या तारांपासून किमान ३० मिमी दूर न्या. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. उरलेली लांबी गुंडाळी करून ठेवू नका, कापा. मार्लिनमध्ये एसटी७९२० साठी डिले (विलंब) १, २, ३ अशा तीन किमती बोर्डाच्या पिन फाइलमध्ये नॅनोसेकंदात असतात. त्या थोड्याथोड्या वाढवून फर्मवेअर पुन्हा चढवा. फार वाढवल्या तर मेनू रेंगाळतो, एवढंच. बोर्डाच्या टोकाला केबलवर चपटा फेराइट (विजेचा गोंगाट शोषणारा तुकडा) चढवला तर तोही मदत करतो.

एवढं करूनही अधूनमधून खिचडी झाली तर ७४एचसीटी१२५ लावा. चौदा पायांची साधी चिप आहे. पाच व्होल्टवर चालते पण दोन व्होल्टलाच 'हाय' मानते. बोर्डाच्या टोकाला बसवा, म्हणजे लांब केबलमधून पूर्ण पाच व्होल्टचा सिग्नल जाईल. पाय १४ ला ५ व्होल्ट, पाय ७ ला ग्राउंड, दोहोंमध्ये १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, चिपला अगदी चिकटून. पाय १, ४, १० आणि १३ ग्राउंडला. सिग्नल २, ५, ९ वर आत. ३, ६, ८ वरून बाहेर, प्रत्येकी १०० ओहमच्या रेझिस्टरमधून. पाय १२ रिकामा लोंबकळू देऊ नका, ग्राउंडला जोडा. ११ मोकळा सोडा.

यातून फक्त तीन तारा न्यायच्या: क्लॉक, डेटा आणि सिलेक्ट. मार्लिनच्या पिन फाइलमध्ये त्या अनुक्रमे डी४, एनेबल आणि आरएस या नावांनी सापडतील. नॉबच्या तारा चुकूनही यातून नेऊ नका. तो सिग्नल उलट दिशेने, स्क्रीनकडून बोर्डाकडे येतो.

सरळकोन
ब्रॅकेटचं गणित सोपं आहे. पट्टीची वाकण्याविरुद्धची ताकद जाडीच्या घनात वाढते: ४ ऐवजी ६ मिमी केलीत तर ३.४ पट. झुकणं लांबीच्या घनात वाढतं: हात १२० वरून ९० मिमी आणलात तर झुकणं जवळपास २.४ पटीने कमी. दोन्ही मिळून आठपट फरक पडतो, आणि त्यात वेगळी युक्ती काही नाही. एलच्या आतल्या कोपऱ्यात ३० मिमीची त्रिकोणी फासळी दिलीत तर उत्तम.

एक टी-नट पुरत नाही. त्याभोवती ब्रॅकेट फिरतो. एम४ चे दोन टी-नट, मध्ये किमान ४० मिमी अंतर. बोल्टच्या डोक्याखाली वॉशर हवाच, नाहीतर डोकं प्लास्टिकमध्ये रुतत जातं आणि पकड सैल होते.

छापताना ब्रॅकेट कुशीवर झोपवा, म्हणजे प्रत्येक थरात पूर्ण एल उमटेल. उभा छापलात तर नॉबचा दाब नेमका दोन थरांच्या सांध्यावर येतो आणि तिथेच तडकतो. चार भिंती, ३० टक्के इन्फिल (आतली जाळी). पीईटीजी प्लास्टिक वापरा. पीएलए ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि पेटीच्या खांबाला चिकटलेलं टोक चांगलंच तापतं. बोल्टच्या सततच्या दाबाखाली तर ते त्याआधीच हळूहळू दबतं.

स्क्रीनच्या बोर्डाची भोकं मोजताना केंद्र ते केंद्र अंदाजाने मोजू नका. व्हर्नियरने दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा. मग १ मिमी जाडीची नुसती भोकांची पट्टी छापून ताडून पाहा. एम३ साठी आरपार भोक ३.३ मिमी, पितळी इन्सर्ट (गरम करून रुतवायची आट्यांची नळी) बसवायचा असेल तर बहुतेक इन्सर्टना ४ मिमी, आणि खोली इन्सर्टपेक्षा १ मिमी जास्त, कारण वितळलेलं प्लास्टिक तळाशी साचतं. बोर्डाच्या मागे सोल्डरची टोकं असतात. ८ मिमीचे नायलॉनचे स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) द्या. त्यातला एक आधार नॉबच्या जितका जवळ येईल तितका आणा. तो दूर राहिला तर ब्रॅकेट कितीही जाड असो, बोर्डच लवतो.

कोनाचं: या स्क्रीन बहुधा समोरून किंवा किंचित खालून पाहण्यासाठी बनवलेल्या असतात, म्हणून वरून फिक्या दिसतात. डोळे स्क्रीनपासून आडवे ६० सेमी आणि उंचीला ४० सेमी वर असतील तर नजर ३४ अंश खाली वळते. तितकीच स्क्रीन मागे कलवा. पक्का कोन ठरवायच्या आधी पुठ्ठ्यावर टेकवून बघा. फिरता सांधा हवाच असेल तर एम५ बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर आणि नायलॉक नट. साधा नट कंपनांनी सुटतो. पण नॉब दाबायचा असेल तर माझं मत स्थिर कोनाच्या बाजूने. कॉन्ट्रास्टचा छोटा स्क्रू बोर्डावर असेल तर ब्रॅकेटमध्ये त्याच्यासमोर ६ मिमीचं भोक ठेवा. कोन बदलला की तो हमखास पुन्हा फिरवावा लागतो.

गरमनोझल
दोघांचेही आभार. केबल पत्र्यातून कशी काढू? आणि नव्या केबलला कनेक्टर मीच दाबणार आहे, त्यात काय सांभाळायचं?

तारजोड
दहा तारांच्या पट्टीची रुंदी १२.७ मिमी. पत्र्याच्या कडेपासून आत १४ × ३ मिमीची खाच कापा, केबल कडेवरून सरकवा आणि फोमच्या पट्टीने फट बुजवा. बंद भोक पाडलंत तर कनेक्टर जाईल एवढं मोठं लागतं आणि ऊब तिथूनच निसटते. बाहेर येताच ब्रॅकेटवर केबलला क्लिपने पकडा, म्हणजे ओढ कनेक्टरवर येणार नाही. दारावरून मात्र नेऊ नका. रोजच्या उघडझापीने तारा आतून तुटतात.

कनेक्टर पकडीने दाबू नका, एक बाजू आधी बसते आणि पाती तिरकी घुसतात. बेंच व्हाइसच्या सपाट जबड्यांत हळूहळू, समांतर दाबा. लाल कड दोन्ही टोकांना एक नंबरच्या बाजूला येते असं गृहीत धरू नका. काही स्क्रीनवर सॉकेट उलटं बसवलेलं असतं. जुनी केबल शेजारी ठेवून तिच्या दोन्ही टोकांच्या खुंट्या कुठल्या बाजूला आहेत ते बघा आणि हुबेहूब तशीच करा. मग मल्टिमीटरने दहाही तारा आरपार तपासा, आणि शेजारशेजारच्या तारा एकमेकींना लागत नाहीत ना तेही. जोडण्याआधी प्रिंटरची वीज पूर्ण बंद आणि यूएसबी केबलही काढलेली हवी. काही बोर्ड यूएसबीवरूनही पाच व्होल्ट घेतात.

सरळकोन
एक राहिलं. पॉलीकार्बोनेटमधून बोल्ट न्यायचा असेल तर भोक बोल्टपेक्षा १ मिमी मोठं ठेवा. पत्रा तापून पसरतो, घट्ट भोकाभोवती ताण धरतो आणि तिथून चीर जाते. शक्य असेल तर ब्रॅकेटचं सगळं वजन खांबावरच घ्या, पत्र्यावर अजिबात नको.