मका टोकला, निम्म्याहून जास्त कुजला; उरलेला फ्रॉस्टने करपला

कराडकरीण_सेंटक्लाउड:
आम्ही मिनेसोटात, सेंट क्लाउडजवळ. शेवटच्या फ्रॉस्टची (दव गोठवणाऱ्या थंडीची) सरासरी तारीख मेच्या पहिल्या पंधरवड्यातली, म्हणून १० मेला सुपरस्वीट या जास्त गोड मक्याच्या बियांचं पाकीट फोडलं. ६० बिया टोकल्या, उगवल्या १७. बाकीच्या उकरल्या तर बोटांत नुसता लगदा. त्यात काल पहाटे फ्रॉस्ट. आहेत त्यांचीही पानं उकडलेल्या पालकासारखी काळपट झालीत. कराडला आम्ही पाऊस बघून पेरायचो, थंडीला भ्यायचं कुणी शिकवलंच नाही. उपटून टाकू का?

मॅडिसनचा_बागवान:
अजिबात नको! पाच-सहा पानं होईपर्यंत मक्याचा वाढीचा कोंब जमिनीखालीच असतो. चार-पाच दिवस थांबा, पोंग्यातून (मधल्या गुंडाळलेल्या पानांतून) हिरवं पान निघेल. धीर नसेल तर एक रोप उपटून उभं चिरा. कोंब पांढरा आणि टणक म्हणजे जिवंत, तपकिरी लिबलिबीत म्हणजे गेलं.
आणि ती तारीख सरासरी आहे हो. साधारण निम्म्या वर्षी फ्रॉस्ट त्यानंतरही पडतो.

आयोवाचे_काका:
बी कुजलं ते फ्रॉस्टने नाही, गार मातीने. सुपरस्वीटच्या सुरकुतलेल्या दाण्यात पिष्ट कमी, त्यामुळे गारठ्यात ते कोंब काढण्याआधीच बुरशीला बळी पडतं. साधा स्वीट कॉर्न ५०-५५ फॅरनहाइटला कसाबसा उगवतो, याला ६० तरी हवं, ६५ असेल तर उत्तम. सकाळी दोन इंच खोल थर्मामीटर खुपसून बघा. वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याइतपत ओलसर-भुसभुशीत झाली, म्हणून लगेच पेरायची आपली सवय इथे नडते.
नांग्या (न उगवलेल्या बियांच्या रिकाम्या जागा) मात्र भरू नका. मागून पेरलेली रोपं सावलीत दबतात, तुरे आणि कणसाचे केस एका वेळी येत नाहीत, मग कणसं बोळकी निघतात. शेजारी नवा चौकोनी वाफा करा, किमान चार ओळी. वाण ७५ दिवसांचं असेल तर गारव्याचे दहा-बारा दिवस वाढवून धरा. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलंत तरी ऑगस्टअखेर कणीस हातात.

कराडकरीण_सेंटक्लाउड:
१७ पैकी १४ पोंगे हिरवे झाले! आज सकाळी माती ६३. नवे पाकीट, चार ओळी, ४८ बिया. थर्मामीटर केकचा होता. तो आता घरात आणायचा नाही, असं लेकीने बजावलंय.