वावराच्या पैशातून दुबईत फ्लॅट: वारसांचं काय?

संत्रापट्टा:
समृद्धीचा मोबदला असो की नागपूरलगतच्या वावराची किंमत, मोठी रक्कम हाती आली की एजंट दारात येतो. भाडं किती सुटेल, दिरहम डॉलरला कसा बांधलेला आहे (१ डॉलर = ३.६७२५ दिरहम), सगळं सांगतो. मालक गेला तर काय, हे मात्र सांगत नाही. माझं मत: ज्या घरात पैसा सामाईक आणि नाव एकाचं, त्या घरानं या फंदात पडू नये.

परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत पैसे फक्त व्यक्ती पाठवू शकते, अविभक्त कुटुंब नाही. मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलर. १० लाख दिरहमचा फ्लॅट म्हणजे सुमारे २,७२,००० डॉलर, वर दुबई भूमी विभागाचं ४ टक्के शुल्क. एकट्याच्या एका वर्षात बसतच नाही. मग भावाच्या खात्यातून पाठवायचं ठरतं. पण भाऊ सहमालक नसेल तर त्याची मर्यादा तुमच्या फ्लॅटला जोडता येत नाही. उद्या वाद झाला तर तिथं मालकीपत्रावरचं नाव पाहतात, घरातला तोंडी हिशेब नाही. वावराच्या बाबतीत निदान धुऱ्यावर उभं राहून भांडता तरी येतं.

कोर्टकचेरी:
धुऱ्यावरच्या भांडणाचं कौतुक सांगू नका. आपल्याकडे आजोबांच्या नावाचा सातबारा नातवापर्यंत तसाच चालतो, फेरफार होत नाही, मग बहिणींच्या हक्कसोडपत्रांसाठी धावाधाव. उलट, दुबईत नियम लिहून ठेवलेत. बिगरमुस्लिमांसाठी २०२२ चा ४१ क्रमांकाचा कायदा १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे: मृत्युपत्र नसेल तर अर्धं पती किंवा पत्नीला, अर्धं मुलामुलींत समान. 'शरियत लागेल, बायकोला आठवा हिस्सा' ही भीती एजंटाचे विरोधक अजून पसरवतात.

नावाचा प्रश्न सोपा आहे. भावाला मालकीपत्रात घ्या, दोघांनी आपापल्या मर्यादेतून आपापल्या हिश्शाचे पैसे पाठवा. किंवा रक्कम ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे दोन आर्थिक वर्षांत विभागा.

वऱ्हाडीबाणा:
भाऊ, अर्धं बायकोले, अर्धं लेकराईले. अन् मायले? हिंदू वारसा कायद्यात माय पहिल्या वर्गाची वारस हाय, बायको-लेकराईच्या बरोबरीचा हिस्सा. तिथं लेकरं असले तं मायले भोपळा. आपल्याकडं अर्ध्या वावराईवर मायचंच नाव असते, तेच इकून पैसा पोराच्या नावावर जाते. पोरगा गेला तं बुढीनं काय करावं?

कोर्टकचेरी:
मुद्दा रास्त आहे. त्याच कायद्यात वारसांपैकी कोणीही मृताच्या देशाचा कायदा लावायची मागणी करू शकतो, मृत्युपत्र नोंदलेलं नसेल तर. म्हणजे आईलाही दार उघडं आहे.

संत्रापट्टा:
आणि तिथेच सासू-सुनेचा दावा उभा राहतो, तोही दुबईच्या कोर्टात. सून म्हणणार तिथला कायदा, सासू म्हणणार इथला. आपल्या दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र दाखवलं म्हणून तिथं फ्लॅट नावावर होत नाही. तिथल्या कोर्टाचा वारसा आदेश लागतो. यूएई (दुबई ज्या देशात आहे तो) अपॉस्टिल करारात, म्हणजे एकमेकांचे कागद एकाच शिक्क्यावर मानणाऱ्या देशांच्या करारात, नसल्यानं मृत्यूचा दाखला, विवाह प्रमाणपत्र, मुखत्यारपत्र, प्रत्येक कागद राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास आणि शेवटी तिथलं मंत्रालय असा फिरतो, वर अरबी भाषांतर. दाखल्यावर 'रामराव', पासपोर्टवर 'रामभाऊ' असेल तर तिथूनच परत. फ्लॅट जोडीनं घेतला तरी मागे राहिलेल्याला सगळा आपोआप मिळत नाही, मृताचा हिस्सा वारसांकडेच जातो.

हिशेबनीस:
तुम्ही मेल्यावरचं बोलताय, जित्या माणसाचा फास आधी पहा. वर्षाला १० लाखांवर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापते. दीड कोटी पाठवले तर २८ लाख. कर नसेल तर परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावरच. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्र कधी न भरलेला कास्तकार इथं अडकतो. शिवाय परदेशात मालमत्ता असली की उत्पन्न कितीही असो, विवरणपत्र सक्तीचं. विवरणपत्राचा सोपा नमुना आयटीआर-१ चालत नाही. शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, तेही १ जानेवारी ते ३१ डिसेंबरच्या हिशेबानं. लपवलं तर २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख दंड. २० लाखांपर्यंतची सूट बँक खात्यासारख्या मालमत्तेला आहे, घराला नाही. वारसांच्या नावावर फ्लॅट आला की हे सगळं त्यांच्या मानेवर.

बुकिंगचे पैसे हॉटेलात क्रेडिट कार्ड घासून देऊ नका, ते परदेशात घर घ्यायचं साधन नाही. पैसे बँकेतून, ए-२ फॉर्म (परदेशी पैसे पाठवायचा अर्ज) भरून, थेट प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे त्या बांधकामासाठीच राखलेल्या खात्यात. खातं खरं आहे का ते दुबई भूमी विभागाच्या 'दुबई रेस्ट' ॲपवर पहा. बांधकाम चालू असेल तर 'उकूद' नोंदणीचा, म्हणजे अपुऱ्या घराच्या खरेदीच्या नोंदीचा, कागद हाती घ्या.

वऱ्हाडीबाणा:
मंग लंडनले घ्या म्हणनारे बी हायेत.

हिशेबनीस:
तिथं मालक भारतात राहत असला तरी ब्रिटनमधल्या घराला वारसा कर लागतो, ३,२५,००० पौंडांवर ४० टक्के. अमेरिकेत बाहेरच्या माणसाला सूट फक्त ६०,००० डॉलर. आपल्याकडे हा कर १९८५ मध्येच गेला, म्हणून कोणाच्या ध्यानातच येत नाही.

कोर्टकचेरी:
म्हणूनच दुबई बरी, आणि म्हणूनच मृत्युपत्र हवं. दुबईतल्या डीआयएफसी या वित्तीय केंद्राच्या मृत्युपत्र नोंदणी कार्यालयात बिगरमुस्लिमांचं इंग्रजी मृत्युपत्र नोंदवता येतं. त्यात आईचा हिस्सा लिहा, अल्पवयीन मुलांचा पालक लिहा. सासू-सुनेचा वाद तिथंच मिटतो.

संत्रापट्टा:
मिटतो, पुढच्या मृत्युपत्रापर्यंत. वर्षा-दोन वर्षांनी तालुक्याला वावराचं मृत्युपत्र होतं आणि लेखनिक सवयीनं लिहितो: 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.' त्या ओळीनं दुबईचं मृत्युपत्रही गेलं.

कोर्टकचेरी:
त्या ओळीत 'भारतातील मालमत्तेपुरती' एवढं घाला. दोन शब्दांचं काम आहे.

संत्रापट्टा:
दोन शब्द घालायला सांगणारा तालुक्याला कोण बसलाय, ते सांगा.