मुलीने मुलाला 'मागणी घातली' म्हणतात का?

मोगरा:
पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे आणि बहिणींनी आमच्या फोटोंचा व्हिडिओ करायला घेतलाय, पहिल्या डेटपासून प्रपोजपर्यंत. फोटोखालच्या ओळी मराठीतच हव्यात कारण त्याची आजी पहिल्या रांगेत बसणार आणि ती सगळं मोठ्याने वाचते. पहिला फोटो दादरच्या पुलावरचा. फुलबाजारात चुकामूक झाली, चाळीस मिनिटांनी भेटलो तेव्हा त्याच्या हातात सोनचाफ्याची पुडी, पानात बांधलेली, गर्दीत अर्धी चेपलेली. त्याखाली 'पहिली डेट' लिहिलं तर आजी विचारते कसली तारीख. शेवटचा फोटो अजून अवघड, कारण लग्नाचं मी विचारलं. रविवारची दुपारची लोकल, तो ठाण्याचा मी डोंबिवलीची, मुलुंड गेल्यावर विचारलं आणि तो ठाण्याला उतरलाच नाही. मी लिहिलं 'मी मागणी घातली'. आजी म्हणते मागणी मुलाकडचे घालतात आणि तीही मुलीला नाही, मुलीच्या बापाला. बरोबर आहे का हे?

जुनाखोड:
आजी अगदी बरोबर आहेत. मागणी घराने घराला घालायची. माझ्या थोरल्या बहिणीला मागणी आली हे तिला चार दिवसांनी कळलं होतं. डेटला मात्र आपल्याकडे फार सुंदर शब्द आहे, संकेत. संकेतस्थळ म्हणजे प्रेमिकांनी भेटायची ठरवलेली जागा. हाल राजाची गाथासप्तशती काढून बघा, आपल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या जुन्या कवितांचा संग्रह, तिच्यात गोदेकाठच्या झाडीत असेच संकेत ठरतात.

पाटीपेन्सिल:
काका शब्द सुंदर आहे पण आज संकेतस्थळ म्हणजे वेबसाइट, आणि 'पहिला संकेत' वाचून आजींना वाटेल कसला तरी शकुन झाला. सावरकरांनी तारखेला दिनांक दिला तो कागदोपत्री रुळला, ह्या डेटला कोणी काही दिलं नाही. सरळ 'पहिल्यांदा भेटलो' लिही.

जुनाखोड:
रुळेल, वापरलात तर. वापरायचंच नाही आणि रुळत नाही म्हणायचं हे मला पटत नाही.

सागरगोटा:
आमच्या कॉलेजात 'ती दोघं फिरतात' म्हणायचे. बस्स, फिरतात. त्यात सगळं आलं. घरी कळलं की मग त्याचं प्रकरण व्हायचं, भानगड व्हायची. चांगल्या अर्थाचा एकच शब्द कानावर यायचा, 'त्यांचं जमलंय', आणि मला तो अजूनही सगळ्यात गोड वाटतो.

वऱ्हाडकर:
मागणी शब्दच नको वाटतो, मागणी-पुरवठा आठवतो, मुलगी काय बाजारात ठेवलीय का. त्यापेक्षा 'हात मागितला' लिहा.

जुनाखोड:
हात मागणं हे इंग्रजीचं भाषांतर आहे.

वऱ्हाडकर:
पाणिग्रहण मग कुठून आलं?

जुनाखोड:
त्यात हात धरणं आहे, मागणं नाही.

पाटीपेन्सिल:
मागणेमध्ये कमीपणा नाहीये हो. मूळ संस्कृत मार्ग्, म्हणजे शोधणे, माग काढणे, त्यातून प्राकृत मग्ग आणि आपलं मागणे. म्हणजे मोगराने मागणी घातली तर तिने त्याला शोधून काढलं असा अर्थ होतो, आणि चाळीस मिनिटं फुलबाजारात तेच तर केलं तिने.

सागरगोटा:
व्युत्पत्ती कितीही छान असली तरी ऐकणाऱ्याच्या कानात आजचाच अर्थ जातो. आणि तरुण मुलं 'प्रपोज मारला' म्हणतात ते तेवढं लिहू नकोस गं. फोन मारतात, चक्कर मारतात, इथपर्यंत ठीक, पण इथे मारणे फार लागतं मला.

मोगरा:
आजीला विचारलं की तुमच्या वेळी आजोबांनी काय म्हटलं होतं. म्हणाली, मला कोणी विचारलंच नाही, पाटावर उभी केली. मग थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, तू 'विचारलं' एवढंच लिही, काय विचारलं ते लोकांना समजतं. पण बहिणी म्हणतात नुसतं 'विचारलं' फार साधं वाटतं.

पाटीपेन्सिल:
साधं नाहीये ते. 'विचारलंस का तिला?' ह्यात कर्म नसतं आणि तरी मराठी माणसाला एका क्षणात कळतं. आजींचंच लिही.

जुनाखोड:
'विचारणा केली' जास्त भारदस्त.

सागरगोटा:
विचारणा बँकेत करतात!

वऱ्हाडकर:
मला एक सांगा, ती सोनचाफ्याची पुडी वाचून आठवलं, साखरपुड्यातला पुडा तो हाच ना, साखरेचा पुडा? आमच्या विदर्भात त्याला साक्षगंध म्हणतात.

जुनाखोड:
साक्षगंधातला गंध म्हणजे कपाळाला लावायचं गंध. साक्षीने लावलेलं असावं.

वऱ्हाडकर:
माझी आई सांगायची की शब्द शाक्तगंध होता, लोकांनी बिघडवला.

सागरगोटा:
आमच्याकडे ह्यातलं काहीच नाही, सुपारी फोडतात. सुपारी फुटली की पक्कं. साखरपुडा आम्ही मुंबईत आल्यावर ऐकला.